व्हेंटिलेटरवरून सुटलेल्या रुग्णाची ताकद मोजताना

जिल्ह्याच्या गावी असलेल्या एका अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूमोनिया आणि त्यातून झालेला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था) यांमुळे ५२ वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ १६ दिवस व्हेंटिलेटरवर होते. आता ते शुद्धीवर आले आहेत, परंतु हातापायांत त्राण उरलेले नाही. एमआरसी पद्धतीने, म्हणजे बारा स्नायुगटांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण देऊन, ६० पैकी स्नायूंची ताकद तपासली तेव्हा सकाळी ३२ गुण आले आणि त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या सहकाऱ्याने तपासले तेव्हा ४१ आले. यांतला खरा आकडा कोणता मानायचा? ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीची, सोय नसताना केवळ हातांनी तपासून निदान करता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि हीच या मोजणीची खरी अडचण आहे. दुसऱ्याचे उत्तर होय असे आहे, पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. त्या अटींविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण गेली अनेक वर्षे मी चुका पाहिल्या आहेत त्या बहुतांशी गुण देण्यातल्या नव्हत्या, तर गुण देण्यापूर्वी काय करायला हवे होते ते न केल्याच्या होत्या.

आधी आजाराविषयी. गंभीर आजारपणात, विशेषतः सेप्सिस आणि एकाहून अधिक अवयव निकामी होण्याच्या अवस्थेत, मज्जातंतू आणि स्नायू हेही इतर अवयवांसारखेच दुखावले जातात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतामधल्या लंडन शहरात चार्ल्स बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचे लक्ष मज्जातंतूंवर होते. पुढे लक्षात आले की स्नायूंचा आजारही तितकाच, किंबहुना अधिक, आढळतो आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. फ्रान्समधील बर्नार्ड द जाँघ यांच्या गटाने २००२ साली सात किंवा अधिक दिवस व्हेंटिलेटरवर राहून नीट जागे झालेले ९५ रुग्ण तपासले आणि त्यांपैकी २४ जणांत हा अशक्तपणा आढळला, म्हणजे चारांत साधारण एक. तुमचे रुग्ण सोळा दिवस व्हेंटिलेटरवर होते, त्यांना सेप्सिस होता आणि मधुमेहही आहे; त्यांना हा त्रास झाला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

आता मोजणीकडे वळतो. रुग्णाला आपण ‘हात उचला’ असे म्हणतो आणि तो हात उचलतो, एवढ्याशा गोष्टीत एक लांब साखळी गुंतलेली असते. कानांना शब्द ऐकू यावे लागतात, मेंदूला त्यांचा अर्थ लागावा लागतो, मनाची तयारी असावी लागते, मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून मज्जातंतूमार्गे स्नायूपर्यंत संदेश जावा लागतो, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर तो पार व्हावा लागतो, आणि मग कुठे स्नायू आकुंचन पावतो. एमआरसीचा गुण या संपूर्ण साखळीचा असतो, एकट्या स्नायूचा नसतो. गुंगीची औषधे पुरती उतरलेली नसली, डिलिरियम (आजारपणातला मानसिक गोंधळ) असला, पोटावरचे टाके दुखत असले किंवा रात्रभर झोप झालेली नसली, तरी गुण कमी येतात आणि आपण त्याला स्नायूंचा आजार म्हणून मोकळे होतो. तुमच्या रुग्णाच्या सकाळ-संध्याकाळच्या नऊ गुणांच्या फरकाचा शोध मी याच ठिकाणी सुरू करेन.

म्हणून पहिली अट जागेपणाची. द जाँघ यांच्या गटाने वापरलेल्या पाच साध्या आज्ञा आजही सर्वत्र वापरल्या जातात: डोळे उघडा आणि मिटा, माझ्याकडे पाहा, तोंड उघडून जीभ बाहेर काढा, मान डोलवा, मी पाचपर्यंत मोजले की भुवया वर करा. त्यांनी पाचांपैकी किमान तीन आज्ञा पाळणे, आणि तेही सहा तासांच्या अंतराने दोनदा, एवढे पुरेसे मानले होते. मी स्वतः पाचही आज्ञांचा आग्रह धरतो, कारण तीनच पाळणारा रुग्ण बाराव्या स्नायूपर्यंत आपल्यासोबत टिकत नाही असा माझा अनुभव आहे. या आज्ञांत हातापायांची एकही हालचाल नाही, हे ध्यानात घ्या. चारही अवयव लुळे पडलेल्या माणसाचेही आकलन तपासता यावे, अशा बेताने त्या निवडलेल्या आहेत.

इथे एक प्रसंग सांगतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसने आजारी पडून आलेले कोकणातले एक शेतकरी तीन आठवड्यांनी व्हेंटिलेटरवरून उतरले होते. आमच्या परप्रांतीय निवासी डॉक्टरांनी त्यांना हिंदीत आज्ञा देऊन तपासले आणि २४ गुण नोंदवले. दुपारी भेटीच्या वेळेत त्यांची भावजय आली. मी तिला शेजारी उभे केले आणि तेच सगळे मालवणीत विचारायला सांगितले. तिने त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेले, कारण उजव्या कानाने त्यांना कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या केसपेपरवर कुठेच लिहिलेली नव्हती. त्या वेळी ३८ गुण आले. चार तासांत स्नायू सुधारलेले नव्हते; सकाळी आम्ही ज्या कानाला विचारत होतो तो बंद होता आणि ज्या भाषेत विचारत होतो ती त्यांची नव्हती. तेव्हापासून श्रवणयंत्र, चष्मा आणि घरात बोलली जाणारी बोली या तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी चाचणी सुरू करू देत नाही.

आता प्रत्यक्ष गुणांविषयी. शून्य ते पाच ही श्रेणी ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जातंतूंच्या जखमा तपासण्यासाठी तयार झाली. बारा स्नायुगटांची बेरीज करण्याची पद्धत नेदरलँड्समधील डॉक्टरांनी गीयाँ-बारे सिंड्रोमच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार) रुग्णांसाठी १९९१ साली मांडली आणि अतिदक्षता विभागाने ती तिथून उचलली. दोन्ही बाजूंना सहा हालचाली तपासायच्या असतात: खांद्यातून हात बाजूला उचलणे, कोपर वाकवणे, मनगट वर उचलणे, मांडी उचलणे, गुडघा सरळ करणे आणि पाऊल वर ओढणे. कसलीच हालचाल नसेल तर शून्य, नुसती थरथर दिसली किंवा बोटांना जाणवली तर एक, गुरुत्वाकर्षण वगळल्यावर हालचाल झाली तर दोन, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झाली तर तीन, काही विरोध सहन केला तर चार आणि पूर्ण ताकद असेल तर पाच. एकूण ६० पैकी ४८ पेक्षा कमी गुण असले तर अशक्तपणा आहे असे धरतात, आणि ३६ पेक्षा कमी असले तर तो तीव्र मानतात. ४८ म्हणजे प्रत्येक गटाला सरासरी चार, इतका सरळ हिशोब त्यामागे आहे.

प्रत्येक गट तपासताना सुरुवात तिसऱ्या पायरीपासून करा. पलंगाचे डोके वर करून रुग्णाला टेकून बसवा, खाली घसरलेला असेल तर दोघांनी धरून वर ओढून घ्या, कारण कमरेतून वाकलेल्या स्थितीत खांदा नीट उचलला जात नाही. स्वतः तीच हालचाल करून दाखवा, त्याचा हात धरून एकदा करवून घ्या आणि मगच त्याला करायला सांगा. हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला की तिथे थांबवून कोपराच्या जरा वर हलका, वाढत जाणारा दाब द्या. हात उचललाच गेला नाही, तर त्याला आडवे करा आणि हाताखाली गुळगुळीत प्लास्टिकचा कागद ठेवून हात अंथरुणावरून बाजूला सरकतो का ते पाहा. दोन आणि एक यांमधला फरक इथेच कळतो. हा टप्पा घाईत सर्रास गाळला जातो आणि मग सरकवण्याइतकी ताकद असलेल्या हाताला एक गुण मिळतो. मनगटात धमनीची नळी असेल किंवा हाताला प्लास्टर असेल, तर दुसऱ्या बाजूचा गुण धरण्याची रीत आहे. ती वापरली असल्यास तसे स्पष्ट लिहा. बारा गटांमध्ये दम लागला तर थांबा. उरलेले गट अर्ध्या तासाने तपासलेले चालतील, पण थकलेल्या स्नायूला दिलेला गुण चालणार नाही.

या श्रेणीची एक मर्यादा मात्र कितीही काळजी घेतली तरी जात नाही. चौथ्या पायरीत ताकदीचा फार मोठा पल्ला सामावलेला आहे. बोटाने दाबले की खाली जाणारा हातही चार आणि तपासणाऱ्याला जोर लावायला लावणारा हातही जवळजवळ चारच. शिवाय तपासणारी व्यक्ती स्वतः किती बळकट आहे यावरही चार की पाच हे ठरते. प्रशिक्षित तपासनीसांमध्ये चांगले एकमत होते, पण आजार तीव्र असताना ते ढासळते आणि विभागातून बाहेर पडल्यावर सुधारते. म्हणून मी सांगेन की उद्या सकाळी तुम्ही दोघांनी एकत्र उभे राहून, एकाने तपासावे आणि दुसऱ्याने पाहावे, दोघांनी स्वतंत्र गुण लिहावेत आणि मग प्रत्येक गटावर चर्चा करावी. तुमचा फरक तीन-चार गटांत एकवटलेला निघेल, असा माझा कयास आहे.

चौथ्या पायरीचा हा पल्ला उलगडायला हाताच्या पकडीचा जोर किलोत मोजणारा डायनॅमोमीटर उपयोगी पडतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांसाठी ११ किलो आणि स्त्रियांसाठी ७ किलो यांखालील पकड ही अशक्तपणाची खूण मानली गेली. कोपर काटकोनात, मनगट सरळ, तीन प्रयत्न आणि मध्ये पुरेशी विश्रांती, एवढे पाळले तर पाच मिनिटांत काम होते. पण ते आकडे अमेरिकी रुग्णांचे आहेत. आपल्याकडच्या बारीक चणीच्या साठीतल्या बाईची निरोगीपणातली पकडच किती असते ते ध्यानात घेता, मी त्या सीमारेषेवर निदान टांगत नाही. त्याच रुग्णाची पकड दर तिसऱ्या दिवशी वाढते आहे की नाही, हे पाहतो.

केवळ हातांनी निदान करता येते असे मी म्हटले, त्यातली सर्वांत मोठी अट ही की दुसरे आजार निसटता कामा नयेत. अतिदक्षता विभागातला अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो, खांदे आणि मांड्या त्यात प्रामुख्याने येतात, चेहरा आणि डोळ्यांची हालचाल बहुधा शाबूत राहते, आणि मुख्य म्हणजे तो आजारपणानंतर येतो. जी व्यक्ती हातपाय लुळे पडल्यामुळेच विभागात आली, तिला हा शिक्का लावायचा नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हापासून नातेवाईक हा प्रश्न स्वतःहून विचारतात, आणि तो योग्यच आहे. त्या आजारावर इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आहे, या अशक्तपणावर तसे औषध नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे आणि श्वास कमी पडणे ही वेगळी अवस्था आहे. मण्यारीच्या दंशात आधी पापण्या मिटतात. एकाच पायाचे पाऊल लोंबत असेल तर तो पाय अंथरुणात बाहेरच्या बाजूला कलंडून गुडघ्याखालची नस दाबली गेली असण्याची शक्यता मोठी. पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम त्याच दिवशी तपासा. सीपीके (स्नायू दुखावले की रक्तात वाढणारे एन्झाइम) पाहायला हरकत नाही, पण ते सामान्य आले म्हणून स्नायूंचा आजार नाही असा निष्कर्ष काढू नका.

जो रुग्ण आज्ञा पाळूच शकत नाही, त्याचे काय? साखळीचा वरचा भाग वगळून थेट मज्जातंतूला चेतना द्यायची आणि स्नायूने किती जोर लावला ते मोजायचे, हा त्यावरचा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. मनगटाशी अलनर नर्व्हला चुंबकीय किंवा विद्युत चेतना देऊन अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूचा जोर, किंवा गुडघ्याशी चेतना देऊन पाऊल वर ओढण्याचा जोर, अशा पद्धती संशोधनात वापरल्या गेल्या आहेत. रुग्णाची इच्छा, भाषा, गुंगी यांपैकी कशाचाही त्यात अडसर येत नाही. त्यासाठी लागणारी जोर मोजणारी उपकरणे आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत नाहीत, हे खरे. पण त्याचे एक साधे रूप तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नक्की आहे. भूलतज्ज्ञ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम पाहण्यासाठी जो नर्व्ह स्टिम्युलेटर वापरतात, तो मागून आणा. एकापाठोपाठ चार झटके दिल्यावर अंगठ्याचा प्रतिसाद क्रमाने क्षीण होत गेला, तर मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर औषध अजून बसलेले आहे. व्हेक्युरोनियम हे असे औषध दिलेल्या आणि मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णात त्याचा परिणाम औषध बंद करूनही लांबतो. मी हे दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा कायमची दुर्बलता आली असे समजून नातेवाइकांशी बोलणे झालेले होते.

ईएमजी आणि एनसीव्ही (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) यांविषयी फार हळहळ करू नका. सुधारणा अपेक्षेप्रमाणे होत असेल तर त्यांवाचून अडत नाही. जाग येऊनही हातपाय हलत नाहीत, निदानाबद्दल शंका आहे किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच बदल नाही, तर मात्र रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवून ती करून घ्यावी. इटलीतील अभ्यासकांनी २०१४ साली दाखवले की पायातल्या पेरोनियल नर्व्हची एवढी एकच तपासणी सुमारे दहा मिनिटांत गाळणीचे काम करते. तिची संवेदनक्षमता १०० टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के निघाली, म्हणजे ती सामान्य आली तर आजार जवळजवळ नाही असे म्हणता येते, बिघडलेली आली तर पुढे तपासावे लागते. तुमचे रुग्ण मधुमेही आहेत, तेव्हा त्यांच्या पायांतल्या नसा आधीपासूनच बिघडलेल्या असू शकतात, हे अहवाल वाचताना विसरू नका. स्नायूला थेट चेतना दिल्यावरचा आणि मज्जातंतूमार्गे दिल्यावरचा प्रतिसाद यांची तुलना करून आजार कुणाचा आहे हे ठरवता येते: थेट दिलेल्या चेतनेला स्नायू चांगला उठतो पण मज्जातंतूमार्गे निम्म्याहून कमी उठतो, तर दोष मज्जातंतूचा; दोन्हीकडून मंद उठतो, तर दोष स्नायूचा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण निव्वळ स्नायूंचा आजार सहसा लवकर आणि अधिक पूर्णपणे बरा होतो.

सोनोग्राफीने मांडीच्या पुढच्या स्नायूचे क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत अलीकडे लोकप्रिय झाली आहे. इंग्लंडमधल्या लंडनमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ रुग्णांच्या अभ्यासात दहाव्या दिवसापर्यंत ते क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी घटले होते. प्रोब टेकवण्याची जागा मार्करने आखून ठेवली आणि स्नायू दबणार नाही इतकी जेली लावली, तर हे मोजमाप बेशुद्ध रुग्णातही होते. पण हा आकार झाला, ताकद नव्हे. अंगावर सूज असेल तर स्नायू फुगलेला दिसतो, आणि आतले मायोसिन (आकुंचन घडवणारे प्रथिन) नष्ट झालेला किंवा आवरणाची विद्युत संवेदना हरवलेला स्नायू जाडजूड असूनही ओढत नाही.

श्वासाच्या स्नायूंना वेगळे मोजा. हातापायांची ताकद आणि श्वासपटलाची ताकद एकमेकींसोबत चालतात असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पॅरिसमधील २०१७ च्या अभ्यासात व्हेंटिलेटर सोडवण्याच्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी ६३ टक्के रुग्णांत श्वासपटल दुबळे होते, हातपाय मात्र ३४ टक्के रुग्णांतच. तुमच्याकडे दाबमापक आणि एकमार्गी झडप असेल तर श्वास आत ओढण्याचा सर्वाधिक दाब मोजता येतो; झडपेतून श्वास बाहेर जातो पण आत येत नाही, त्यामुळे वीसेक सेकंदांत रुग्ण आपोआप जोर लावतो, आणि सहकार्य अर्धवट असले तरी उपयोगी आकडा मिळतो. उणे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंतही पोचत नसेल तर मी सावध होतो. काहीच साधन नसेल तर उशी काढून मान उचलायला सांगा आणि पाच सेकंद धरून ठेवता येते का ते पाहा. मग खोकायला सांगा आणि तो खोकला कानांनी ऐका. ज्याची मान उचलली जात नाही आणि खोकला घशातच विरतो, त्याचा एमआरसी ४४ असला तरी त्याला घाईने वॉर्डात हलवू देऊ नका.

उभे राहण्याच्या टप्प्यावर आला की बारा स्नायूंचे गुण मागे पडतात आणि काम मोजावे लागते. कूस बदलणे, आडवे असताना उठून बसणे, पलंगाच्या कडेला बसून राहणे, बसलेले उठून उभे राहणे आणि चालणे या पाच कामांना प्रत्येकी सातपर्यंत गुण देऊन ३५ ची बेरीज करण्याची पद्धत मला पसंत आहे, कारण किती जणांनी किती आधार दिला हे त्यात लपत नाही. पण आपल्या रुग्णांसाठी मी तिच्या शेवटी आणखी एक ओळ हाताने लिहितो. तुमच्या रुग्णाच्या घरी कमोड आहे की भारतीय पद्धतीचे शौचालय, हे आजच विचारून ठेवा. दुसरे असेल तर उकिडवे बसून आधाराशिवाय उठता येते का, भिंतीला एक हात टेकून येते का, की अजिबात येत नाही, हे घरी पाठवण्यापूर्वी तपासा आणि डिस्चार्ज कार्डावर ६० पैकी किती हे जिथे लिहाल, त्याच्या शेजारी तेही लिहा. पहिल्या फेरतपासणीला, महिन्याभराने, तो रुग्ण आला की त्याला सर्वांत आधी तेच करून दाखवायला सांगा.